तिचाही निकाल

आमच्या प्रयोगशाळेत मला सगळे ‘नॉर्मल बाई’ म्हणायचे. स्वभावावरून नव्हे, माझ्या स्वभावाबद्दल तिथे कोणाचंच मत फारसं चांगलं नाही. आनुवंशिक रक्तदोषांच्या तपासण्या करणारी ही जागा. आलेल्या रक्तातून जनुकं वेगळी काढायची, यंत्रात घालायची आणि बिघाड कुठे आहे ते पाहायचं, हे आमचं काम. प्रत्येक वेळी रुग्णांच्या नमुन्यांबरोबर एका निरोगी माणसाचा नमुनाही लावावा लागतो, म्हणजे यंत्र खरं बोलतंय की थापा मारतंय ते कळतं. असा नमुना बाहेरून मागवायचा तर अर्ज, मंजुऱ्या आणि मग वाट पाहत बसणं. त्यापेक्षा आपल्यातल्याच कोणाच्या तरी हाताला सुई टोचलेली बरी, असा विचार झाला. मी सगळ्यांत जुनी, आणि आम्ही शोधत होतो त्यातला एकही दोष माझ्यात नाही हे तपासून झालेलं. तेव्हा माझीच नळी फ्रीजरमध्ये कायमची मुक्कामाला गेली. तिच्यावर नाव नव्हतं, नुसता ‘न’ लिहिलेला होता. तो ‘न’ कोण हे नियमाप्रमाणे कोणालाच माहीत नसायला हवं होतं आणि झाडून सगळ्यांना माहीत होतं.

यंदा आमच्याकडे कर्करोगाचं संशोधन आलं. काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या तोच कर्करोग का होतो, कोणतं जनुक तो पुढे पाठवतं, हे शोधायचं होतं. त्यासाठी नवं यंत्र आलं, ते बसवायला टाय लावलेले दोन लोक आले, आणि मला नेमकी तेव्हाच सर्दी झाली. मी घरी नाक शिंकरत पडले होते, त्या दिवशी पहिली चाचणी लागली. आमच्याकडे नुकतीच लागलेली एक मुलगी आहे, तिला आम्ही ‘नवी’च म्हणतो. नवीने सवयीप्रमाणे फ्रीजर उघडला आणि ‘न’ची नळी काढून लावली. तिचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. त्या नळीला आम्ही सगळ्यांनीच वर्षानुवर्षं निरोगी म्हटलं होतं. कोणत्या रोगापुरतं निरोगी, हे विचारायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

मी कामावर परतले तर नवी रडकुंडीला आलेली. म्हणाली, “ताई, आपला नॉर्मल नासलाय.” तिने पुन्हा लावून पाहिलं होतं, परत तेच. तिला वाटत होतं नळ्यांची अदलाबदल झाली, आता मॅडम तिला फाडून खाणार. मी ऐटीत म्हटलं, बघू दे मला, आणि स्क्रीनपुढे बसले.

एका जनुकात बदल दिसत होता. ते जनुक मी ओळखत होते. त्याच्यासाठीच तर हे यंत्र आलं होतं. ते बिघडलेलं असलं की बाईला स्तनाचा आणि अंडाशयाचा कर्करोग होण्याची शक्यता कितीतरी पटींनी वाढते. माझी आई अंडाशयाच्या कर्करोगाने गेली. त्या वयाला मी आता येऊन ठेपले होते. आणि नवी शेजारी उभी राहून मला विचारत होती की चुकून लागलेली ही नळी कोणाची असेल.

मॅडम आल्या. आमच्या प्रमुख त्या, कडक बाई. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि स्क्रीन भिंतीकडे वळवला. नवीला म्हणाल्या, तुझी काही चूक नाही, हा नमुना यापुढे वापरायचा नाही, जा चहा घेऊन ये. त्या दिवसानंतर मला प्रयोगशाळेत कोणी नॉर्मल बाई म्हटलं नाही. याचा अर्थ तेही झाडून सगळ्यांना कळलं होतं.

हे माझं एकटीचं असतं तर मी रडले असते, नवऱ्यावर चिडले असते आणि डॉक्टरांकडे गेले असते. पण माझं एकटीचं असं या जगात काही नाही. मला जुळी बहीण आहे. माझ्या पाठोपाठ बाहेर आली म्हणून ती धाकटी. एकाच अंड्याच्या दोन झालेल्या आम्ही. तिचं नाक ते माझं नाक, तिचा आवाज तो माझा आवाज, आणि माझ्या जनुकात जे लिहिलंय ते अक्षरन्‌अक्षर तिच्या जनुकात. मूलबाळ दोघींनाही नाही, त्यामुळे लहानपणापासून एकमेकींवर दादागिरी करायची ती अजून करत आलो.

आईच्या शेवटच्या दिवसांत इस्पितळातल्या डॉक्टरांनी आम्हाला सुचवलं होतं, दोघी मुलींनी तपासणी करून घ्या, एकीची केली तरी चालेल. धाकटीने तिथल्या तिथे नाही म्हटलं. आजार कळल्यापासून आई जगलीच नव्हती, नुसती रिपोर्टची वाट पाहत होती, असं तिचं म्हणणं. बाहेर आल्यावर तिने मला जिन्यात गाठलं. “मला कधीही कळायला नको. आणि तूही करायची नाहीस. तुला कळलं की मला तुझ्या तोंडावरून कळणार.” मी शब्द दिला. मग जनुकांच्या प्रयोगशाळेत बसून लोकांची घराणीच्या घराणी तपासली आणि स्वतःकडे कानाडोळा केला. शब्द मी मोडला नव्हता. तो फ्रीजरने मोडला.

आमच्याच इमारतीत खाली एक समुपदेशक बाई बसतात. निकाल सांगायचं काम त्यांचं. खोलीत दोन मऊ खुर्च्या, कागदी रुमालांचा डबा आणि खिडकी अशी की उघडतच नाही. मी आजवर त्यांच्याकडे कित्येक निकाल पाठवले होते, खुर्चीत पहिल्यांदाच बसले. त्यांनी ताजं रक्त घेऊन खात्री करायला लावली. खात्री झाली. मग त्यांनी समजावलं की अंडाशयाचा कर्करोग वेळेवर पकडणारी भरवशाची तपासणी नाही. या वयात अंडाशयं काढून टाकणं हाच त्यातल्या त्यात शहाणपणा, आणि फार थांबू नका.

मी विचारलं, “आणि माझी जुळी बहीण?”

त्यांनी रुमालांचा डबा थोडा पुढे सरकवला. म्हणाल्या, जाणून घेण्याचा हक्क तुमचा आणि न जाणण्याचा हक्क त्यांचा. एरवी आम्ही दोन्ही सांभाळतो, पण तुमच्या बाबतीत निकाल एकच आहे. मी म्हटलं, ते मला ठाऊक आहे, मी यातच नोकरी करते; मी करू काय ते सांगा. त्या फार भल्या बाई आहेत, त्यांनी मला काहीच सांगितलं नाही. नुसतं विचारत राहिल्या की तुम्हाला काय वाटतं. मला वाटत होतं त्यांचा तो डबा उघडत नसलेल्या खिडकीवर फेकून मारावा.

घरी नवऱ्याने एका वाक्यात निकाल लावला: सांगून टाक. त्याला बहीण नाही. सांगितलं तर तिचं आयुष्य आईसारखं वाट पाहण्यात जाणार आणि ते मी केलेलं असणार. नाही सांगितलं आणि तिला आईसारखंच झालं, तर तिच्या खाटेशेजारी बसून मी कोणत्या तोंडाने तिला पाणी पाजणार होते? स्वतः गुपचूप शस्त्रक्रिया करावी तर ती विचारणार कशाची. न करावी तर मरण माझंही. मी कुठल्याही बाजूने निघाले तरी दारात तीच उभी.

म्हणून मी तिला टाळायला लागले. धाकटीचं पार्लर आहे, एकाच खुर्चीचं. माझे केस तीच कापते. दुसऱ्या कोणी कापले तर तिला व्यभिचार केल्यासारखा राग येतो. मी काम आहे, पाहुणे आहेत, पाय मुरगळलाय अशी एकेक कारणं पुढे केली. शेवटी तिने माझ्या नवऱ्याला फोन करून पायाची चौकशी केली. त्या बावळटाने विचारलं, कुठला पाय? मग जावंच लागलं.

पार्लर म्हणजे रस्त्याकडेची लांबट खोली. मागे दोरीवर ओले टॉवेल, रंगाचा नाकात चढणारा वास, आणि समोर जमिनीपासून वरपर्यंत आरसा. तिने मला खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती कापड आवळलं, हात कापडाच्या आत गेले. पायाने खुर्ची वर केली. आता मला हलता येत नव्हतं आणि आरशात एकाच तोंडाच्या दोन बायका, एक बसलेली आणि एक उभी.

“तुझं काहीतरी बिनसलंय,” ती म्हणाली.

मी म्हटलं, काम वाढलंय.

“कामाने तुझं नाक फुगतं. आज डोळे बारीक झालेत.” तिने माझं डोकं खाली दाबलं आणि मानेवरचे केस कापायला घेतले. मला तिचा असा संताप आला की काय सांगू. जन्मभर माझं तोंड वाचत आली, आणि जे वाचायला हवं ते मात्र वाचायचं नाही असा हुकूम. मी खाली मान घालूनच सांगितलं की गर्भाशयात गाठी आहेत. साध्याच आहेत, पण रक्तस्राव फार होतो. डॉक्टर म्हणाले सगळंच काढून टाकू, तारीख ठरलीय. मी हे घरी पाठ केलं होतं आणि ते पाठ केल्यासारखंच बाहेर आलं.

कात्री थांबली. मी मान वर केली. ती माझ्या प्रतिबिंबाकडे नव्हे, स्वतःच्या प्रतिबिंबाकडे पाहत होती.

“मला तर काही त्रास नाही,” ती म्हणाली.

“असतात कोणाकोणाला.”

“नुसत्या गाठी ना?”

“नुसत्या गाठी.”

बाहेरून कोणीतरी दार लोटून विचारलं, किती वेळ लागेल. धाकटीने बसा म्हटलं, अगदी गोड आवाजात. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाली, “जिन्यात तुला एक सांगितलं होतं. आठवतंय?”

“आठवतंय.”

“बस, मग झालं.” आणि तिने कात्री चालवली. त्या दिवशी माझे केस तिने नेहमीपेक्षा बरेच आखूड कापले. मीही अडवलं नाही. गिऱ्हाईक बसलं होतं, माझे हात कापडाखाली होते, आणि खरं तर मला बरंच वाटलं की तिने विषय मिटवला. घरी येईपर्यंत ते बरं वाटणं ओसरलं. तिला कळलंय की नाही कळलं, हे मला कळत नव्हतं, आणि विचारायची सोय नव्हती.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी ती माझ्याआधी इस्पितळात हजर. हातात दोन पिशव्या, एकीत चादर, टॉवेल, कंगवा. दुसरीत सगळं तेच पुन्हा, न जाणो पहिल्यावर काही सांडलं तर. नर्सने आम्हाला पाहून डोळे चोळले. धाकटीने तिला सांगितलं की चुकून मला कापाल, आधीच सांगते, मी ती नव्हे. नर्स हसली, मीही हसले. नवरा खालच्या मजल्यावर कागदपत्रांच्या रांगेत उभा होता. मला गाऊन घालायला दिला, खाटेभोवती हिरवा पडदा ओढला, हातात सलाइन लावलं. शीर मुश्किलीने सापडली म्हणून नर्सने मनगट पट्टीने खाटेच्या कडेला बांधून टाकलं आणि हलवू नका म्हणाली. धाकटी बाटलीत पाणी भरून आणते म्हणून बाहेर गेली.

पडद्यापलीकडे लगेचच सर्जनचा आवाज आला.

“अजून कपडे बदलले नाहीत? आता ऐन वेळी माघार नाही हं घ्यायची.”

मला आधी कळेचना ते कोणाशी बोलताहेत. त्यांनी मला दोन-तीनदाच पाहिलं होतं, आणि बाहेर पॅसेजमध्ये माझंच तोंड बाटली घेऊन उभं होतं.

“घाबरू नका,” ते पुढे म्हणाले. “तुमचा रिपोर्ट आपण दुसऱ्यांदा तपासून घेतला होता, जनुकात दोष आहेच. तुमच्या आईचं झालं ते तुमचं होऊ नये म्हणूनच तर दोन्ही अंडाशयं काढतोय.”

मी उठायला गेले. सलाइनची नळी ताणली, स्टँड खाटेवर आपटला, बांधलेला हात सुटेना. ओरडायचं म्हणून तोंड उघडलं, आणि तेवढ्यात पलीकडून माझा आवाज आला. म्हणजे तिचा.

“हो, डॉक्टर.”

मी तशीच राहिले. आता ती सांगेल, तुमची चूक होतेय, पेशंट आत आहे. मी वाट पाहत होते. मग तिने विचारलं, “आणि नाही काढली तर?”

“नाही काढली तर कदाचित काहीच होणार नाही. काहींना कधीच होत नाही. पण त्या ‘काहीं’मध्ये तुम्ही आहात का, ते मला आज सांगता येत नाही. आणि झालंच तर वेळेवर कळेल याची खात्री नाही. आईचं कळलं होतं?”

“नाही,” ती म्हणाली. “नाही कळलं.”

“मग? चला, कपडे बदला. मी हात धुवायला जातो.”

त्यांच्या बुटांचा आवाज लांब गेला. बराच वेळ पडदा हलला नाही. मी पडद्याखालून तिच्या चपला पाहत होते. त्या एका जागी होत्या. मग ती आत आली. बाटली रिकामीच होती. ती तिने कपाटावर ठेवली, स्टँड सरळ केला, नळीचा पीळ सोडवला आणि स्टुलावर बसली.

“डॉक्टर भेटले,” ती म्हणाली.

“ऐकलं मी.”

“त्यांना वाटलं, मी तू आहे.”

“मग सांगितलं का नाहीस त्यांना?” मी रागावूनच विचारलं. भीतीने माझा आवाज नेहमी रागावतो.

“सांगणार होते. तोंडाशी आलं होतं.” तिने माझ्या गाऊनची सुटलेली नाडी बांधली, पुन्हा सोडली, पुन्हा बांधली. “पण ते जे जे बोलले, त्यातलं माझं नसलेलं काय होतं?”

मी म्हटलं, माफ कर. म्हटलं, मी तपासलं नव्हतं गं, आपोआप झालं, फ्रीजरमध्ये नळी होती. ते सगळं तिला कशाला कळणार होतं? ती ऐकतही नव्हती. ती तिच्या स्वतःच्या पोटाकडे पाहत होती, तिथे काहीतरी सांडलंय आणि डाग पडलाय का ते बघावं तशी.

“गाठी म्हणालीस,” ती म्हणाली. “मी मानलं होतं. खरंच मानलं होतं मी, ताई. तुझे डोळे बारीक झालेले दिसत होते, तरी मानलं होतं.”

ती मला ताई चिडवायलाच म्हणते. आज चिडवत नव्हती. मी मोकळ्या हाताने तिचं मनगट धरलं आणि इतके दिवस दाबून ठेवलेलं एका दमात बोलून टाकलं: तूही करून घे, हेच डॉक्टर आहेत, मी सुट्टी काढते, तुझं पार्लर आपण महिनाभर बंद ठेवू, तुझ्या नवऱ्याला मी सांगते. ती नुसती मान हलवत होती. ते हो होतं की नाही होतं, जन्मभर एकत्र काढूनही मला समजलं नाही.

मग ट्रॉली आली. वॉर्डातल्या मामांनी मला तिच्यावर घेतलं, सलाइनची बाटली माझ्या पोटावर ठेवली, पट्टे लावले. मला छतच दिसत होतं. मी म्हटलं, “तू आता घरी जा. जरा पड. संध्याकाळी ये.”

“घरी जाऊन काय करू?” तिचा आवाज माझ्या कानाजवळ आला. “हे काय मला इथे ठेवून जाता येणार आहे? माझ्याबरोबरच येणार ना ते घरी.”

ट्रॉली निघाली. तीही निघाली, बाजूचा दांडा धरून. लिफ्टमध्ये आली, वरच्या पॅसेजमध्ये आली. मी डोकं वळवलं तर दांड्यावर तिची बोटं दिसायची, पांढरी पडलेली. शस्त्रक्रियेच्या दारापाशी मामा थांबले. सवयीने, न बघताच म्हणाले, “पेशंटशिवाय कोणी आत यायचं नाही.”

तिने दांडा सोडला नाही. मामांना वाटलं तिला ऐकू आलं नसावं, म्हणून त्यांनी पुन्हा सांगितलं. तरी तिने सोडला नाही.